परवान्यावरचा भाऊ

अध्यक्षसाहेब, गुन्हा तुमचा आहे. एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द कारकुनाला सांगताना तुम्ही वर मानसुद्धा केली नव्हती. तुमचं नाव मी लिहीत नाही. जळगावात ते दोन पाणपोयांवर आणि एका धर्मशाळेवर कोरलेलं आहे, तेवढं पुरे. मी सावद्याकडच्या केळीवाल्याची मुलगी, मराठी सातवी झालेली. पुढचं जे काही वाचलं ते केळीच्या बागेत बसून, कुणी न शिकवता. मला गोड लिहिता येत नाही. पण ही गोष्ट प्रेमाची आहे, त्याला माझा इलाज नाही.

पंचावन्न सालचा हस्ताचा पाऊस. तुमच्या प्रवासी मंडळाच्या माडीवर आबा आणि मी जागा पक्क्या करायला आलो होतो. भिंतीवर हिरव्या शाईतलं पत्रक होतं — सहकुटुंब सिलोन, एकोणीस दिवस. आगगाडी, बोट, मुक्काम, दोन वेळचं जेवण, चहा, धोबी, डॉक्टर, सगळं त्यात. भाऊबीजेला घरी. आणि खाली बारीक अक्षरात : कुटुंब किमान चौघांचे असावे. एकट्यादुकट्यास प्रवेश नाही.

टेबलापाशी एक उंच, सडपातळ माणूस तुमच्या मोतीलाल कारकुनाशी वाद घालत होता. त्याच्या हातातली छत्री गळत होती, थेट माझ्या पायावर.

“छत्री,” मी म्हणाले.

“आहे ना,” तो न बघता म्हणाला.

“पाय माझा आहे.”

तेव्हा त्याने बघितलं. छत्री बाजूला घेतली, पण नजर घ्यायला विसरला... मोतीलाल खाकरला तेव्हा कुठे वळला.

“सरकार मला एकट्याला मत देतं, शाळा एकट्याला वर्ग देते. तुम्ही एकट्याला जागा का देत नाही?”

“कुटुंब आणा,” मोतीलाल म्हणाला. “लग्न करून या.”

“दोन आठवड्यांत?”

“लोक दोन दिवसांत करतात.”

“ते लोक भूगोल शिकवत नसतील,” तो म्हणाला. “पाच वर्षं धुळ्याच्या शाळेत मुलांना समुद्र शिकवतोय. स्वतः पांझरेपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. एकदा बघू द्या, मग लग्नही करतो.”

मला हसू आलं. आबांना आलं नाही, कारण आमचीही अडचण तीच होती. माझा भाऊ झुलाल येणार होता, पण सावदा स्टेशनात केळीसाठी मालगाडीच्या वाघिणी ऐनवेळी मिळाल्या आणि कापणीला तो मागे राहिला. आबा, माय, मी — तिघंच. तिघांचं कुटुंब तुमच्या लेखी कुटुंब नव्हतं. माय आयुष्यात पहिल्यांदा कुठे निघाली होती. तिने लुगडी इस्त्रीला दिली होती.

मीच बोलले. “आमची चौथी जागा आहे. ती यांना द्या.”

मोतीलालने टाक उचलला. “परवान्यावर नातं काय लिहू?”

आणि आतल्या टेबलावरून, कागदावरची नजर न काढता, तुम्ही म्हणालात, “पुतण्या लिही. आडनाव यांचंच लाव.”

पाणी द्यायच्या आधी माणसाचं आडनाव विचारणारे माझे आबा. त्यांनी त्या परक्या माणसाकडे एकदा पाहिलं, रिकाम्या जागेचा विचार केला, आणि म्हणाले, “लिहा.”

मी हसले. माझी चूक असेल तर तेवढी.

त्याचं नाव लीलाधर.

गाडीत भुसावळ सुटेपर्यंत तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता. मायने पदराआडून कोपर मारलं. “भाऊ बहिनीले ‘तुम्ही’ म्हनते का कधी? लोकाईले कान आहे.”

लीलाधर लाल झाला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “तू... पाणी घेणार का?”

“घेईन, लीलाधरभाऊ,” मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

“भाऊ एवढं जोरात म्हणायची गरज नाही. मला ऐकू येतं.”

“मला वाटलं डब्याला ऐकू जावं.”

डब्यात तुमचं सगळं मंडळ होतं, अध्यक्षसाहेब. तुमच्या पत्नी सुनंदाबाई गळ्यात शिट्टी घालून फिरत होत्या. मुली मुलांच्या बाकांकडे गेल्या की शिट्टी. पण मी लीलाधरशेजारी बसून अर्धा दिवस नकाशा बघितला तरी वाजली नाही. कशाला वाजेल? आम्ही यादीवर भाऊबहीण होतो. इतर मुली मान खाली घालून भरतकाम करत होत्या आणि मी त्याच्या बोटामागे बोट लावून नद्या ओलांडत होते. कृष्णा, पेन्नार, कावेरी... तुमच्या खोट्या शब्दाने मला जेवढी मोकळीक दिली तेवढी खऱ्याने कधी दिली नव्हती. हेही मी कबूल करते.

धनुष्कोडीला बोटीवर चढलो तेव्हा त्याने समुद्र पाहिला. पाच वर्षं शिकवलेला माणूस. नुसता कठड्याला धरून उभा. ओठांवर मीठ आलं होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

“कसा आहे?” मी विचारलं.

“मुलांना चुकीचं सांगितलं,” तो म्हणाला. “निळा सांगितला होता. इथे तर किती...” आणि माझ्याकडे बघून थांबला.

“किती काय?”

“मोजतोय.”

तो समुद्राचं बोलत होता असं मी स्वतःला बजावलं.

पलीकडे तलैमन्नारला पांढऱ्या कपड्यातला अधिकारी टेबल मांडून बसला होता. एकेक कुटुंब पुढे. परवान्याचा कागद, कॉलऱ्याच्या सुईचा दाखला, मग शिक्का. आमची पाळी आली. त्याने लीलाधरला इंग्रजीत विचारलं, ही तुमची कोण?

लीलाधर इंग्रजी फाडफाड बोलायचा. तिथे त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. मागे रांग खोळंबली. आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. तुम्ही मागून खाकरलात, साहेब, ते खाकरणं मला अजून आठवतं. त्यात भीती होती. कागद खोटा निघाला असता तर आम्ही चौघं परत बोटीवर, कदाचित तुरुंगात, आणि ज्याने लिहिलं तो मात्र ‘मला काय ठाऊक’ म्हणून मोकळा. लीलाधर माझ्याकडे बघत होता.

मला इंग्रजीचे चार शब्द येत होते. “ब्रदर,” मी म्हणाले.

शिक्का पडला.

दुसऱ्या दिवशी, कोलंबोच्या धर्मशाळेत, हात धुवायच्या नळावर लीलाधर म्हणाला, “तू म्हणालीस.”

“मग तू काय म्हणणार होतास?”

“काहीच नाही. म्हणून तर गप्प होतो.”

नळ वाहत राहिला. त्याने बंद केला नाही, मीही नाही.

आता तुमच्या ‘सगळं त्यात’बद्दल. तुम्ही सहा आचारी, दोन पोती डाळ आणि तुपाचे डबे सिलोनला नेले. कोलंबोत आम्ही वांग्याचं भरीत खाल्लं, कँडीत वरण-बट्टी. समुद्रासाठी वीस मिनिटं, बुद्धाच्या देवळासाठी अर्धा तास, मग शिट्टी. लीलाधर चिडायचा.

“आपण सिलोनला आलोच नाही,” कँडीला पंगतीत तो मला म्हणाला. “आपण जळगावातच आहोत. फक्त जळगावला चाकं लावलीत.”

“मग एकटा जायचं होतंस.”

“एकट्याला कोण नेतं? बठ्ठं त्यामाच शे,” पत्रकातलं ‘सगळं त्यात’ तो धुळ्याच्या बोलीत म्हणाला, म्हणजे राग खरा होता. “फक्त देश तेवढा त्यामा नही.”

“झाले तोटे? आता फायदा बघ.” मी हनुवटीने दाखवलं. समोर माय पाटावर बसली होती. वाढप्याने तिच्या ताटात निखाऱ्यावरची बट्टी फोडली, वर तूप सोडलं. ती सवयीने उठायला गेली. मग आठवलं की उठायचं नाही. बसली. आणि गरम बट्टीचा घास तोंडात घालून डोळे मिटले. “बावीस वर्षं तिने सगळ्यांना वाढून झाल्यावर गार खाल्लं. तिला समुद्र नाही दिसला तरी चालेल. तिला आधी वाढलं गेलं.”

“हे भूगोलात नाही,” तो हळू म्हणाला.

“भूगोल पुरुषांनी लिहिला असेल.”

“तू लिही मग.”

“लिहीन. तू शिकवशील का?”

“तू समोर बसणार असशील तर...” त्याने वाक्य डाळीत बुडवलं.

त्याच दुपारी बाजारात मी लाल केळी पाहिली. सालीला तांबड्या मातीचा रंग, फणी आखूड, जाड. मी जन्मभर केळीत वाढलेली, आणि असं केळं आहे हे मला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्या बाईला मला विचारायचं होतं : किती महिन्यांनी घड धरते, पाणी किती, बुंध्याशी पिलं किती ठेवता? लीलाधरने इंग्रजीत विचारलं, तिला कळलं नाही. मग मी हाताने दाखवलं — एवढं खोड, इथून कापतो. ती हसली. तिने बोटं वर केली, दहा, मग अजून चार... आणि शिट्टी वाजली. चौदा काय ते कळलंच नाही. सुनंदाबाई ओरडत होत्या, “द्वारका, मागे राहू नको गं.”

लीलाधरने एक केळं घेतलं. “बहिणीसाठी घेतलं सांगतो.”

“बहिणीसाठी असेल तर मला नको.”

त्याने साल काढली, अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलं. “कुणासाठी हे सांगतच नाही,” तो म्हणाला.

परतीच्या बोटीवर आम्ही दोन हात अंतर सोडून उभे होतो. मग एक हात. मग कठड्यावर त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली आणि दोघांनीही ती काढली नाही.

“जळगावला उतरलो की हा कागद संपला,” तो म्हणाला.

“मग?”

“मग मी धुळ्याहून सावद्याला येईन. माझ्या आडनावाने. आबांना विचारीन.”

“आणि मला?”

“तुला आत्ता विचारतोय ना...” त्याच्या आवाजात वारा शिरला होता, की भीती, मला कळलं नाही.

मी ‘हो’ म्हटलं नाही. करंगळी घट्ट केली. बाईच्या ‘हो’ला एवढं पुरतं, निदान त्या वयात मला तसं वाटत होतं.

गाडी उशिरा आली. जळगावला उतरलो तेव्हा भाऊबीजेची सकाळ उलटून गेली होती. ‘भाऊबीजेला घरी’ असं तुम्ही छापलं होतं, आणि आम्ही घरी नव्हतो. तुमचा शब्द खोटा पडत होता. म्हणून तुम्ही धर्मशाळेच्या चौकात सामुदायिक भाऊबीज मांडलीत. पाट, रांगोळ्या, ताटं, निरांजनं, सगळं त्यात. फोटोवाला बोलावलेला. मोतीलाल तुमच्या यादीवरून भावाबहिणींची नावं वाचू लागला.

चौकापलीकडे लीलाधर उभा होता. त्याचा चेहरा शाळेच्या भिंतीसारखा पांढरा पडला होता.

आबा माझ्या कानाशी वाकले. “ओवाळ अन् मोकयी हो. चार घटकाचं काम. कागद अजून त्याईच्या हातात आहे.”

“आबा, ओवाळलं की तो भाऊ होतो.”

“कागदावर आहेच ना.”

“कागद फाटतो. दिवा लावून ओवाळलेला फाटत नाही. तुम्हीच सांगता.”

आमच्याकडे हे असंच आहे. माझ्या आत्याने एका वाटसरूला भाऊबीजेला ओवाळलं होतं, तो मरेपर्यंत दर दिवाळीला आला, आणि तो गेल्यावर आत्याने माहेरचं सुतक पाळलं. अग्नीसमोर एकदा टिळा लावला की मागे फिरायला वाट नाही. मग जन्मभर त्याच्याकडे बघायचं ते खाली बघून.

“द्वारका तोताराम,” मोतीलालने वाचलं. “भाऊ — लीलाधर.”

तो पाटावर येऊन बसला. मी समोर बसले. माझ्या हातात ताट, ताटात दिवा, सुपारी, अक्षता, कुंकू. बायका गात होत्या. त्याने ओठ न हलवता म्हटलं, “ओवाळ, द्वारका. नाहीतर ते मला सोडणार नाहीत आणि तुझ्या आबांनाही.”

“आणि मग तू सावद्याला येशील?”

त्याने डोळे मिटले. कपाळ पुढे केलं. कुंकवाने भरलेलं माझं बोट त्या कपाळापासून चार बोटांवर थांबलं. फोटोवाल्याने काळं फडकं डोक्यावर घेतलं. तुम्ही त्याच्यामागे उभे होतात, साहेब, हसत.

मी ताट खाली ठेवलं. बोट पदराला पुसलं.

“हा माझा भाऊ नाही,” मी म्हणाले. “हा यांनी लिहिलेला आहे.” आणि तुमच्याकडे बोट दाखवलं, त्याच बोटाने.

गाणं थांबलं. तुमचं हसू तेवढं थांबायला वेळ लागला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते सगळ्या चौकाने पाहिलं. तुम्ही म्हणालात, या मास्तराने मंडळाला फसवलं, खोटं नातं सांगून परदेशी गेला, मी त्याच्या शाळेला कळवतो. मोतीलालकडे वळून विचारलंत, नातं कुणी सांगितलं होतं? मोतीलाल जमिनीकडे बघून म्हणाला, “त्यांनीच.” सहा पोरांचा बाप आहे तो. मी त्याला दोष देत नाही. तुम्हाला देते.

सावद्याच्या स्टेशनात उतरल्यावर आबा म्हणाले, “तो आपल्यातला नाही.”

“महिनाभरापूर्वी तुम्हीच त्याला आपलं आडनाव दिलंत.”

“ते जागेसाठी होतं.”

“मग माझ्यासाठी नाही देणार?”

आबा गाठोडं उचलून चालू लागले. मायने मात्र पंधरा दिवसांनी, चुलीपुढे बसून, स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं, “जळगावाहून धुळ्याची यष्टी सकाळी आठले सुटते. एकट्या बाईले बी तिकीट भेटते म्हने.” आणि पदराच्या गाठीतलं जे होतं ते माझ्यापुढे ठेवलं.

आणि मी निघाले. एरंडोल, पारोळा, मुकटी. खिडकीतून कपाशीची बोंडं फुटलेली दिसत होती, आणि प्रत्येक थांब्याला मला वाटत होतं, उतरावं, परत फिरावं. तो भेटलाच नाही तर? भेटला आणि ‘ताई’ म्हणाला तर?

पांझरेकाठच्या गल्लीत त्याची खोली होती. दार उघडंच होतं. तो टेबलापाशी बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला आणि खुर्ची पडली.

“तू एकटी आलीस?”

“पंगत घेऊन यायला हवं होतं का?”

तो हसला, पण हसू टिकलं नाही. शाळेने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. टेबलावर एक कागद होता, आणि तो, अध्यक्षसाहेब, तुम्ही पाठवलेला होता. शाळेच्या नावे मजकूर तयार, फक्त सही बाकी : ‘सदर मुलगी ही माझी मानलेली बहीण असून त्याच भावनेने मी नाते सांगितले.’ सही केली तर मंडळ तक्रार मागे घेणार. नोकरी परत. तुमचं नाव स्वच्छ. मी जन्माची बहीण.

“शेवटची तारीख?” मी विचारलं.

“उद्या. अकरा वाजता मुख्याध्यापकांकडे द्यायचा.”

“कधीपासून आलाय?”

“नऊ दिवस झाले.”

“नऊ दिवस सही का केली नाहीस?”

“शाई संपली होती,” तो म्हणाला.

दौत त्याच्या कोपराशी होती, काठोकाठ भरलेली. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले, अगदी गाडीत झाले होते तसे नाही, त्याहून जास्त.

“द्वारका, नोकरी गेली तर मी काय आहे? समुद्र एकदा पाहिलेला बेकार माणूस. तुझे आबा...”

“आबांचं मी बघते.”

“माझ्या वडिलांनी गहाण टाकून शिकवलं मला. तुला वाटतं तेवढं सोपं...”

“सोपं असतं तर पत्र टाकलं असतं. आले नसते.”

बाहेर कुणीतरी नदीवर कपडे आपटत होतं, एकसारखं. त्याचा हात कागदावर होता. सही करायला की फाडायला, ते त्या हातावरून मला ओळखता येत नव्हतं, आणि मी त्या हाताला मदत करणार नव्हते. मी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, टेबलासमोर ओढली, आणि बसले.

“शाळेला उत्तर उद्या दे, लीलाधर. मला आत्ता दे. मी तुझी कोण?”